कुंकू लावलेला कान

मी बहिरा आहे. आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे ज्या गोष्टी सांगणार आहे त्या सगळ्या कानाच्या जोरावर केलेल्या आहेत, आणि वाचता वाचता 'हा माणूस मोठा जाणकार दिसतो' असा तुमचा समज व्हायला नको. जुन्या हुबळीतल्या एका बोळात तीस वर्षं माझं गॅरेज होतं. गिऱ्हाइकं मला कुलकर्णी मेस्त्री म्हणत. ते नाव कुणी घेतलं की आमच्या वडिलांच्या पोटात कळ यायची. ते धारवाडला शाळामास्तर. आमच्या घराण्यात कान हा अवयव तोवर फक्त पिळण्यासाठी वापरला गेला होता. त्यावर पोट भरणारा मीच पहिला.

तसं धारवाडात कान तयार असलेली माणसं गल्लोगल्ली भेटतात. तंबोरा कुठे उतरलाय ते तोंडातलं पान न हलवता सांगतात. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण रस्त्यावरून एखादी जुनी डिझेल जीप गेली की मी जेवता जेवता घास हातात धरून म्हणायचो, "हिचं बेअरिंग चाललं."

माझी बायको सुमन म्हणायची, "जाऊ दे हो, ती दुसऱ्याची आहे. तुम्ही आमटी वाढून घ्या."

हा धंदा काय आहे ते थोडक्यात सांगतो. इंजिनात लोखंड लोखंडाशेजारी फिरत असतं आणि मध्ये तेलाचा पातळ थर असतो. तो थर आहे तोवर सगळं आलबेल. गाडी दोन-तीन लाख किलोमीटर पळली, काटा दोनदा शून्यावर येऊन गेला, की जागा सैल होतात, तेल निसटतं आणि लोखंड लोखंडाला लागतं. मग इंजिन ठोकायला लागतं. आता ठोकण्यातही जाती आहेत. सकाळी गार असताना खडखड आणि तापल्यावर गप्प, म्हणजे पिस्टन सैल. चालवा अजून वर्षभर. वरून बारीक टिकटिक येते ती टॅपेटची, म्हणजे झडपा उघडणाऱ्या ठोकळ्यांची. त्यानं कुणाचा जीव जात नाही. खालून, चढावर जोर दिला की ठक्-ठक् असा जाड आवाज आला तर बेअरिंग गेलं. गाडी तिथेच थांबवा. आणि पिस्टनला दांड्याशी जोडणारी बोटभर जाडीची एक पिन असते, ती सैल झाली तर कोरडा, तीक्ष्ण आवाज येतो, लागोपाठ दोनदा. टिक्-टिक्. टिक्-टिक्. हा सगळ्यांत फसवा. टॅपेटच्या आवाजात मिसळून बसतो आणि एक दिवस घात करतो.

नव्या इंजिनात आवाज ओळखणं पोरखेळ आहे, घरात एकच माणूस बोलत असतो. जुन्यात सगळी भावकी एकदम बोलते. त्यातलं म्हातारपण कुठलं आणि आजार कुठला, एवढंच मेस्त्रीनं सांगायचं असतं. त्यासाठी हातभर लांबीचा स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा, टोक इंजिनाला टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला. मग एकेका सिलिंडरला डिझेल नेणारा नट सैल करत जायचं. ज्याचं डिझेल तोडल्यावर आवाज थांबला तो चोर. इतकं सोपं आहे. मी ते तीस वर्षं अवघड करून दाखवलं, म्हणून माझं नाव झालं.

नाव कसं झालं त्याचीही गंमत आहे. धारवाड कोर्टातले एक वकीलसाहेब होते. त्यांची पेट्रोल मोटार इतकी जुनी की तिचा विमा उतरवणारा माणूससुद्धा आधी हसून घ्यायचा. एक दिवस येऊन म्हणाले, "मेस्त्री, नवलूरच्या चढावर गाडी दात वाजवते. दोघांनी सांगितलं, इंजिन खोला." मी शेजारी बसून गेलो. चढाला लागताच डब्यात खडे हलवावेत तसा आवाज. मी उतरलो, टाकीचं झाकण उघडलं, हुंगलं.

"साहेब, पेट्रोलात रॉकेल आहे."

"पुरावा?"

"वास."

"वास हा पुरावा होत नाही. साक्षीदार?"

"माझं नाक."

"त्या दिवशी साक्षीदाराला पडसं नव्हतं कशावरून?"

शेवटी टाकी रिकामी करून दुसऱ्या ठिकाणाहून पेट्रोल भरलं आणि आवाज गेला. वकीलसाहेबांनी बाररूममध्ये सगळ्यांना सांगितलं, 'त्या मेस्त्रीच्या कानाला तोड नाही.' काम नाकानं केलं, कीर्ती कानाला मिळाली. मी काही दुरुस्ती सुचवली नाही.

दुसरी गोष्ट सांगायची लाज वाटते, पण आता पेन हातात घेतलंच आहे. अमरगोळच्या मार्केट यार्डातून मिरचीची पोती वाहणारा एक टेम्पो आला. ठक्-ठक् असा खणखणीत आवाज. मी स्क्रू ड्रायव्हरसुद्धा न लावता लांबूनच म्हणालो, "बेअरिंग. खोला." खालचं चेंबर उतरवलं, बेअरिंगं काढली, तर ती आरशासारखी! सगळं पुन्हा बसवलं, तरी आवाज आहेच. दुसऱ्या दिवशी कळलं, पुढच्या पुलीचा बोल्ट सैल होता. पाव वळसा आवळला आणि इंजिन गप्प. मालक आला. मी गंभीर चेहरा करून म्हणालो, "अगदी वेळेवर आणलीत." तो बिचारा माझ्या पाया पडायला निघाला. मिरचीचा एक वानवळा दरवर्षी पाठवायचा. ती मिरची खाताना मला कधीच लाज वाटली नाही, ही त्यातली खरी लाजेची गोष्ट. मेस्त्रीनं 'चुकलो' म्हणायचं नसतं, हा आमच्या बोळातला पहिला धडा, आणि त्यात मी पहिला नंबर काढला होता.

दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. मला वाटायला लागलं की इंजिनं सुधारली. टॅपेटची टिकटिक पूर्वीसारखी येईना. मी गिऱ्हाइकांना व्याख्यान द्यायचो, "आजकालची तेलं बघा, कशी आली आहेत! टॅपेट तोंड उघडत नाहीत." टॅपेटची फट मोजायला पातळ पोलादी पट्ट्या मिळतात. मी त्या कधीच वापरल्या नाहीत. ज्याला कान नाहीत त्यानं पट्ट्या वापराव्यात, असं माझं मत. लोक टॅपेट लावून घेऊन जायचे आणि चार दिवसांनी परत यायचे, "अण्णा, टिकटिक येते." मी म्हणायचो, "तुमचं मन शंकेखोर झालंय."

घरी कुकरची शिट्टी होईना. मी तीनदा शिट्टी खोलून साफ केली, रबर बदललं. सुमन म्हणाली, "चार शिट्ट्या झाल्या, भाताची पेज झाली. कुकर चांगला आहे. ऐकणारा बिघडलाय."

"तू पुटपुटतेस," मी म्हणालो. सगळं जग तेव्हा एकाएकी पुटपुटायला लागलं होतं, आणि मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

त्या वर्षीची खंडेनवमी. आमच्याकडे गॅरेजवाल्यांची खरी दिवाळी तीच. पाने, हातोडे, जॅक सगळे रॉकेलनं धुऊन पाटावर मांडायचे, हळदकुंकू, झेंडूची फुलं वाहायची, गाड्यांच्या चाकाखाली लिंबू ठेवायचं, कोहळा फोडायचा, चुरमुरे वाटायचे. आणि एक नियम कडक. पूजलेल्या हत्याराला दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. साधा नट आवळायचा असला तरी आमचे कानडी शेजारी सांगतात, "इवत्त ब्याड, नाळे बर्री." आज नको, उद्या या.

त्या दिवशी गॅरेजसमोर चाळीस-पन्नास माणसं असतील. वकीलसाहेबही मोटारीला हार घालून आले होते. पूजा झाल्यावर ते ओरडले, "अरे, मुख्य हत्यार तर राहिलंच की!" आणि कुंकवात बोट बुडवून त्यांनी माझ्या उजव्या कानाला टिळा लावला. कुणीतरी कानावर झेंडूचं फूल अडकवलं. सगळे हसले. मी तर असा फुगलो की कोहळ्याच्या जागी मला फोडलं असतं तरी चाललं असतं. पण विचार करा, नियमाप्रमाणे पूजलेलं हत्यार त्या दिवशी वापरायचं नसतं. तो नियम मी पाळला असता, तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

तेवढ्यात परशुरामची जीप आली. परशुराम अळणावरजवळच्या एका खेड्यातला मराठी गडी. शेती नावापुरती. तिघांच्या हातून गेलेली एक जुनी डिझेल जीप त्यानं घेतली होती आणि अळणावर ते धारवाड अशा तो माणसांच्या फेऱ्या मारायचा. त्याची बायको शांताक्का दिवसभर त्याच्याशेजारी, पुढच्या सीटवर. कोण कुठे उतरणार, कुणाची कोंबडी कुणाच्या पायाखाली आहे, हे सगळं तिच्याकडे. त्या घराची भाकरी त्या जीपवर भाजली जात होती.

हार-नारळ झाल्यावर शांताक्का पुढे झाली. "अण्णा, आठ दिवस झाले, आवाज येतोय बघा. माणसं उतरायला गाडी थांबते ना, तेव्हा. बारीक. दोनदा दोनदा येतो."

बघा, या बाईनं पिनेचं दुखणं मी वर सांगितलं त्याच शब्दांत सांगितलं होतं. ज्याला कान नाहीत त्यालाही तेवढ्यावरून कळायला हवं होतं. मी म्हणायला हवं होतं, 'परशुराम, आज हत्यारं पूजेत आहेत. गाडी इथे ठेव. उद्या-परवा नट सैल करून एकेक सिलिंडर बघतो.' पण दुसऱ्या दिवशी दसरा. त्याच्या वर्षातल्या सगळ्यांत भरलेल्या फेऱ्या. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. आणि पन्नास माणसं माझ्या कानाकडे.

"चालू कर," मी म्हणालो. बॉनेट उघडलं, वाकलो, कुंकवाचा कान इंजिनाजवळ नेला. डिझेलचा नेहमीचा दबदब आवाज. दुसरं काही नाही. वर टॅपेटसुद्धा गप्प. इतकं गप्प जुनं इंजिन मी जन्मात ऐकलं नव्हतं, आणि त्याचं मला आश्चर्यही वाटलं नाही.

"एनू आगिल्ल!" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं. "काहीही झालेलं नाही. इंजिन म्हणजे लोणी आहे."

"आता येतोय की अण्णा," शांताक्का म्हणाली. "हा बघा, आता."

"अक्का, दिवसभर इंजिनाशेजारी बसून तुमच्याच कानात इंजिन बसलंय. फोडणीचा आवाज तुम्ही ओळखा, इंजिनाचा आमच्यावर सोडा."

माणसं खो-खो हसली. परशुरामही हसला, सुटल्यासारखा. शांताक्कानं माझ्याकडे क्षणभर नीट बघितलं. रागानं नाही. मग पदर सारखा करून ती जीपमध्ये जाऊन बसली.

"उद्या न्यू ना मग?" परशुरामनं विचारलं.

"डोळे झाकून ने."

तिसऱ्या दिवशी ती जीप ट्रॅक्टरला बांधून आली. अळणावरच्या वाटेवर एका चढावर पिन तुटली होती, दांडा मोकळा झाला होता आणि इंजिनाची भिंत फोडून बाहेर आला होता. भगदाड एवढं, की माझी मूठ आत गेली. गाडीत बारा-चौदा माणसं होती. चढ होता, वेग नव्हता, म्हणून निभावलं. तेलाचा धूर आणि किंकाळ्या यावर भागलं. मी तुटलेली पिन हातात घेतली. एका बाजूनं घासून घासून चपटी झाली होती. हे आठ दिवसांचं काम नव्हतं, महिन्यांचं होतं. पूजेच्या दिवशी ती पिन माझ्या कानापासून वीतभर अंतरावर टिक्-टिक् करत होती. सगळ्यांना ऐकू येत असणार. मला आली नाही.

तेव्हा, त्या क्षणी, मला कळलं की मी बहिरा आहे. मी जीपच्या चाकाला टेकून खाली बसलो.

"काय झालं अण्णा?" परशुरामनं विचारलं.

आणि मी काय म्हणालो माहीत आहे? "मटेरियल फेल. ह्याला कुणाचा इलाज नाही."

"तुम्ही कान लावून सांगितलं होतं, म्हणजे त्या दिवशी काही नव्हतंच," तो म्हणाला. माझ्यावर त्याचा इतका विश्वास! मग तो शांताक्काकडे वळला. "हिनंच पूजेच्या पुढ्यात, सणाच्या दिवशी, गाडीत खोट आहे म्हणून तोंड उघडलं. लागलं तोंड!"

'नाही रे बाबा, तिचं बरोबर होतं.' एवढं एक वाक्य. ते माझ्या तोंडातून निघालं नाही. गॅरेजात दोन गिऱ्हाइकं उभी होती. कान गेला हे बोळात कळलं, की मेस्त्री संपला. मी खाली बघून पिन फडक्यानं पुसत राहिलो.

चार महिन्यांनी अमरगोळला एका ट्रकचं काम होतं. तिथे पाठीवर गोणपाट टाकलेला हमाल मला बघून थांबला. परशुराम. वाळला होता. मी विचारलं, "घरचं कसं काय?"

"चाललंय. मी इथेच पोती उचलतो." मग म्हणाला, "हिचंच अवघड झालंय. गावात कुणी नवा ट्रॅक्टर घेतला की सगळ्या बायकांना पूजेला बोलावतात, हिला बोलवत नाहीत. तोंड लागतं म्हणतात. परवा एकानं भरलेल्या टेम्पोतून खाली उतरवलं. मीही बोलतो हो रागाच्या भरात. काय करू?"

त्या माणसाच्या पाठीवर माझी थाप होती, आणि त्या बाईच्या कपाळावर माझं खोटं. ट्रकचं काम मी कसं केलं देव जाणे.

दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी काचेच्या खोलीत बसवलं, कानाला डबे लावले आणि सांगितलं, आवाज आला की बटण दाबा. आवाज काही येईना. मग मी काचेतून डॉक्टरांच्या हाताकडे बघायला लागलो. त्यांचा हात हलला की मी बटण दाबायचो. दहा मिनिटं मी असा पास होत होतो. डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, "मेस्त्री, मघापासून मी मशीन बंद करून पेन्सिलनं लिहितोय."

मग पाठमोरं बसवलं. जाड आवाज ठीक, बारीक आवाज साफ गेलेले. पक्षी, शिट्टी, घड्याळ. "आणि पिन?" मी विचारलं. त्यांना कळलं नाही. कानाला लोखंड लावून वर्षानुवर्षं इंजिन ऐकलं, तर दुसरं काय होणार, म्हणाले. मी ज्याला कसब म्हणत होतो त्यानंच कान खाल्ला होता.

त्याच आठवड्यात अळणावरजवळ परशुरामच्या गावी गेलो. बाजाराला सुट्टी होती, परशुराम घरी होता. शांताक्कानं चटई टाकली, चहा ठेवला. मेस्त्री आलेत म्हणून शेजारचे दोघं-तिघं डोकावले. मी वाटभर पाठ केलेलं सगळं विसरलो आणि नुसतं म्हणालो, "मला ऐकू येत नाही. तेव्हाही येत नव्हतं. आवाज होता. अक्कांचं बरोबर होतं. मटेरियल वगैरे काही नाही, मी खोटं बोललो."

कुणी काही बोललं नाही. निदान मला तरी ऐकू आलं नाही.

मग शांताक्का माझ्यासमोर बसली आणि सावकाश, ओठ दिसतील असं बोलली. "मला ठाऊक होतं, अण्णा."

"काय ठाऊक होतं?"

"तुम्हाला ऐकू येत नाही ते. माझा बाप इथल्या आरागिरणीत होता, पंचवीस वर्षं करवतीपुढे. त्याचं असंच होतं. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचा आणि हसून वेळ मारून न्यायचा. तुम्ही त्या दिवशी तसंच बघत होता."

"मग बोललात का नाही?"

"आवाज येतोय म्हणून बोलले की. दोनदा बोलले. पण तुमच्या कानाचं कसं बोलू? एवढी माणसं, सणाचा दिवस, कानाला तुमच्या कुंकू लावलेलं. माणसाची भाकरी असते ती."

तिनं माझी भाकरी सांभाळली होती आणि तिची स्वतःची गेली होती. मला रडू आलं. पन्नाशी उलटलेला ढोल्या मेस्त्री, परक्याच्या घरात, चटईवर बसून रडतोय. बघण्यासारखं दृश्य असणार.

परशुराम उठला. "मग मी एवढे दिवस तुला बोलत होतो, तेव्हा तरी सांगायचंस!"

"तुम्ही ऐकलं असतं?"

कोपऱ्यातली बादली उचलून तो मागच्या अंगणात निघून गेला. बराच वेळ आला नाही. माझ्याकडे त्यानं बघितलंही नाही, आणि ते बरोबरच होतं.

"चहा घ्या," शांताक्का म्हणाली. "गार होतोय."

परत आल्यावर मी गॅरेजात पडून असलेल्या परशुरामच्या जीपसाठी एका मोडीत निघालेल्या जीपचं इंजिन मिळवलं. दीड महिना दुसरं मोठं काम घेतलं नाही. प्रत्येक पिन, प्रत्येक बुश, प्रत्येक बेअरिंग नवं आणून मापानं बसवलं. टॅपेट पोलादी पट्टीनं लावले. ज्या पट्ट्यांची टिंगल केली, त्या विकत आणताना दुकानदार म्हणाला, "मेस्त्री, कुणासाठी?" मी म्हणालो, "बहिऱ्यासाठी." त्याला वाटलं मी नेहमीची थट्टा करतोय.

इंजिन सुरू करायच्या दिवशी मी परशुराम आणि शांताक्का दोघांना बोलावलं. ती यायला तयार नव्हती. मी निरोप धाडला, तुम्ही नसाल तर इंजिन चालू होणार नाही. वकीलसाहेबांना आणि पूजेला हसलेल्या होत्या नव्हत्या त्या सगळ्या गिऱ्हाइकांनाही बोलावलं. बोळात चांगलीच गर्दी झाली. मी दुकानाच्या पायरीवर उभा राहिलो आणि बोललो. भाषण मला येत नाही. "त्या दिवशी आवाज होता. शांताक्कांना आला, मला आला नाही, कारण मी बहिरा आहे. त्यांचं तोंड लागलं नाही, माझा कान लागला. ज्याला माझ्याकडे गाडी आणायची त्यानं हे माहीत करून आणावी." वकीलसाहेब पुढे येऊन काही तरी म्हणाले. काय ते कळलं नाही, मी मान डोलावली. त्यातले बरेच जण नंतर दुसऱ्या मेस्त्रीकडे गेले. त्यांना मी दोष देत नाही, मीही गेलो असतो.

परशुराम भिंतीला टेकून उभा होता, हाताची घडी घालून. जीप सुरू केली. इंजिनाची थरथर माझ्या हाताला बरोबर लागत होती. मी लांब स्क्रू ड्रायव्हर शांताक्काच्या हातात दिला, टोक कुठे टेकवायचं, मूठ कानामागे कशी धरायची ते दाखवलं. तिनं पदर खोचला, वाकली. एकेक नट मी सैल करत गेलो आणि ती ऐकत गेली. गर्दीतलं कुणीतरी हसलं असावं, कारण वकीलसाहेबांनी मागे वळून डोळे वटारले.

तिनं बराच वेळ घेतला. मग सरळ झाली आणि माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "दुसऱ्यात आहे काहीतरी, अण्णा. बारीक आहे. पण आहे."

"अहो, सगळं नवं आहे ना?" वकीलसाहेबांनी मला मोठ्यानं विचारलं.

"नवं आहे."

"मापानं बसवलंय?"

"मापानं."

"मग?"

मला तो बारीक आवाज ऐकू येत नव्हता, माझी सगळी मापं सांगत होती की इंजिन ठीक आहे, आणि ते पुन्हा खोलायचं म्हणजे आणखी चार दिवसांचं काम. मी परशुरामकडे बघितलं. गाडी त्याची होती. तो भिंतीपासून सुटा झाला, गर्दीतून पुढे आला आणि बायकोसमोर उभा राहिला.

"नीट ऐकलंस?" त्यानं तिला विचारलं.

"ऐकलं."

त्यानं आत हात घालून किल्ली बंद केली.

"मग खोला, अण्णा," परशुराम म्हणाला.